पट 17, बाईंचं समायोजन (दुसऱ्या शाळेत बदली) होणार म्हणतात, पुढे शाळा समूह शाळेत (आसपासच्या लहान शाळा मिळून एक मोठी). ग्रामसभेत नक्की काय ठराव घ्यायचा?

घाटाखालचा_बाप

नमस्कार मंडळी. आमची वाडी घाटाखाली, तीसेक घरं, झेडपीची शाळा पहिली ते चौथी. पट 17. गुरुजी आणि बाई असे दोघं आहेत, दोघंही मनापासून शिकवतात, त्याबद्दल तक्रार नाही. आता केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे साहेब) तोंडी सांगून गेले की यंदाच्या संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात, एकच पद राहणार, बाई अतिरिक्त होणार आणि मग हळूहळू मोठ्या गावच्या शाळेत पोरं हलवायची. मोठं गाव सव्वातीन किलोमीटर, मधे ओढा, साकव जुना, जून ते सप्टेंबर आम्ही मोठी माणसंच जपून जातो तिथून. रिक्षा देऊ म्हणतात पण रिक्षा पावसात ओढ्याच्या अलीकडे येणारच नाही ना.

शाळेची हालत पण सांगतो, एका खोलीचं छप्पर गळतंय, लाईटबिल थकल्यामुळे मीटर काढून नेलाय, टीव्ही कपाटात आहे. आमदार साहेबांना निवेदन देऊन झालं, फोटोही झाला, पुढे काही नाही. आता ग्रामसभा येतेय. ठरावात काय लिहायचं, पैसा कुठून मिळतो आणि कुणाकडे गेलं तर काम होतं, ज्यांनी हे केलंय त्यांनीच सांगा. "शाळा वाचवा" असा बॅनर लावा वगैरे सल्ले नकोत, बॅनर आहे आमच्याकडे.

निवृत्त_केंप्र

भाऊ, 30 वर्षं त्याच खुर्चीच्या आसपास होतो म्हणून सांगतो. ठराव नंतर, आधी मुख्याध्यापकांना एक विचारा: 17 पैकी आधार व्हॅलिड किती? संचमान्यता वर्गात बसलेल्या पोरांवर होत नाही, पोर्टलवर आधार जुळलेल्या पोरांवर होते, आणि 30 सप्टेंबरचा पट धरतात. नावात "बाळू" आणि आधारवर "बाळकृष्ण" असलं की ते पोर वर्गात असून हिशोबात नाही. तुमच्या 17 चे कागदावर 13 झाले असतील तर मला नवल वाटणार नाही. यात कुणाचा कट नसतो, कुणी लक्ष दिलेलं नसतं एवढंच. ऊसतोडीला जाणारी घरं असतील तर ती पोरं नोव्हेंबरात निघतात, त्यांची नावं त्याआधी नीट करून घ्या.

आता नियम. 15 मार्च 2024 चा संचमान्यतेचा जीआर आहे, त्यात 20 पर्यंत पटाला एक नियमित शिक्षक, आणि गरज वाटली तर दुसरा निवृत्तांमधून. सहावी ते आठवीला 20 च्या खाली पट असेल तर शून्य शिक्षक, त्यावर तर संघटनांनी रान उठवलं होतं. पण शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत साफ लिहिलंय, पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक. कमीत कमी किती मुलं हवीत याचा आकडा दिलेलाच नाही. म्हणजे जीआर एक म्हणतो आणि कायदा दुसरं. तुमचा ठराव या एका वाक्यावर उभा करा, "गावाची अस्मिता" वगैरे लिहू नका, ते साहेब वाचत नाहीत.

अजून एक, राज्याच्या 2011 च्या नियमात प्राथमिक शाळा शक्यतो 1 किलोमीटरच्या आत म्हटलंय, तिथेच किमान 20 मुलांची अट पण आहे. ऑफिसवाले ती अट दाखवतील. त्यांना विचारा की ती अट शाळा उघडायची का चालू शाळा बंद करायची. आणि तोंडी काही ऐकून घेऊ नका, "लेखी द्या साहेब" एवढं म्हणा. निम्मी प्रकरणं तिथेच थांबतात.

पुण्यातला_अभियंता

कटू वाटेल पण बोलतो. चार वर्गांत 17 पोरं म्हणजे वर्गाला चारपाच. त्यात दुसरीत एखादाच मुलगा असेल तर तो कुणाशी बोलणार, कुणाशी स्पर्धा करणार? पानशेतला समूह शाळा केली, तोरणमाळला केली, तिथे खोल्या चांगल्या, विषयाला वेगळे शिक्षक, येण्याजाण्याला गाडी. 2023 मध्ये शासनानेच आकडा दिला होता, 20 च्या खाली पटाच्या 14,783 शाळा आणि त्यात 1,85,467 मुलं. एवढ्या शाळांना खोली, शिक्षक, किचन शेड, संडास सगळं वेगवेगळं पुरवायचं म्हणजे कुणालाच धड काही मिळत नाही. आणि पट कमी का झाला तेही बघा, ऐपत असलेल्यांनी पोरं इंग्लिश मिडीयमच्या पिवळ्या गाडीत कधीच बसवलीत. नाहीतर जालिंदरनगरसारखं करून दाखवा, 3 मुलांवर आलेली झेडपी शाळा आता जगात गाजतेय.

कोयनाकाठची

@पुण्यातला_अभियंता दादा, गाडी आहे तिथे तुमचं म्हणणं मान्य, मीही विरोध करणार नाही. पण गाडी म्हणजे रस्ता आला. आमच्या जावळी तालुक्यात खिरखंडीच्या मुली होडी वल्हवत कोयनेच्या बॅकवॉटरमधून आणि पुढे जंगलातून चालत शाळेला जायच्या, 2022 च्या जानेवारीत मुंबई हायकोर्टाने बातमी वाचून स्वतःहून दखल घेतली तेव्हा सरकारला जाग आली. अंतर नकाशावर मोजतात आणि पोरगी पायाने जाते. मुलगा असेल तर आईबाप धाडतात एकवेळ, मुलगी असली की "राहू दे घरी, धाकट्याला सांभाळ" सुरू होतं. हे कुठल्याच आकड्यात दिसत नाही कारण पोर्टलवर तिचं नाव मोठ्या शाळेत दाखल असतं.

इगतपुरीच्या दरेवाडीची पोरं तर 2022 मध्ये शेळ्या घेऊन नाशिक झेडपीवर गेली होती, शाळा बंद करता ना, मग दप्तर घ्या आणि आम्हाला शेळ्या द्या म्हणून. मला ते आंदोलन फार आवडलं, पण दरवेळी पोरांना रस्त्यावर आणायची वेळ का यावी?

आणि जालिंदरनगरचं उदाहरण देताना जपून. तिथले सर फार मोठं काम करतात, पण तसे सर प्रत्येक वाडीला मिळत नाहीत म्हणून वाडीतल्या पोरांना शाळाच नको हे मला पटत नाही.

@घाटाखालचा_बाप शाळा व्यवस्थापन समिती कागदावर आहे का चालू आहे? 75 टक्के पालक, निम्म्या बायका, अध्यक्ष पालकांतलाच लागतो. आमच्याकडे आधी घरी रजिस्टर आणून सह्या घ्यायचे. मी अध्यक्ष झाल्यावर पहिलं काम केलं म्हणजे मीटिंग शाळेतच आणि कामावरून बायका परत आल्यावर संध्याकाळी. तिथून पुढे बाया बोलायला लागल्या.

दुर्गम_मास्तर

पैशाचं मी सांगतो, रोज तेच जोडत असतो.

समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून जे संयुक्त शाळा अनुदान येतं ते पटावर असतं, 30 पर्यंत पट असेल तर वर्षाला 10,000. त्यातलेही 10 टक्के स्वच्छतेला. त्यात खडू, झाडू, रजिस्टरं, लाईटबिल, दुरुस्ती सगळं बसवायचं, आणि पैसे येतात वर्ष संपत आल्यावर, मग मार्चमध्ये खर्च करा म्हणून फोन. 31 पोरं असती तर 25,000 आले असते, पण छप्पर 17 पोरांचं असो का 31 चं, पत्रा तेवढाच लागतो ना. या धोरणातली खरी गोम मला हीच वाटते, सगळं डोक्यावर मोजतात म्हणून लहान शाळा आधी उपाशी राहते आणि मग तिची तब्येत बरी नाही म्हणून बंद करतात.

त्यामुळे छप्परासाठी या अनुदानाकडे बघूच नका. वर्गखोली दुरुस्ती जिल्हा नियोजन समितीच्या पैशातून होते, त्यासाठी झेडपीच्या शिक्षण विभागाकडे प्रस्ताव जायला लागतो, सोबत बांधकामच्या इंजिनिअरचं अंदाजपत्रक. इंजिनिअरला आणून खोली दाखवणं हेच खरं काम, बाकी कागद होतात. संडास आणि पाणी ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या बंधित (ठराविक कामांनाच वापरायच्या) निधीतून बसतं, पण ते गावच्या विकास आराखड्यात आधी लिहिलेलं हवं, आराखड्याची ग्रामसभा बहुतेक 2 ऑक्टोबरनंतर होते, तिला वाडीतली माणसं गेलीच पाहिजेत नाहीतर पुन्हा पेव्हर ब्लॉक. लाईटबिल ग्रामपंचायत स्वनिधीतून भरू शकते, सरपंचाची इच्छा पाहिजे. गाव पेसात (आदिवासी भागाच्या कायद्याखाली) असेल तर 5 टक्क्याचा निधी ग्रामसभेच्या कोषात येतो, तोही विचारा.

आणि शाळा विकास आराखडा करा. बहुतेक ठिकाणी तो कॉपी-पेस्ट असतो, पण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 22 मध्ये लिहिलंय की सरकारने अनुदानाचं नियोजन याच आराखड्यावरून करायचं. समितीने खरा आराखडा करून आवक शिक्का घेऊन दिला की साहेबांना तो फाईलला लावावा लागतो.

घाटाखालचा_बाप

सगळ्यांचे आभार. गुरुजींना विचारलं, केंप्र साहेब अगदी बरोबर बोलले, 17 मधली 4 पोरं आधारमध्ये अडकलीत. दोघांची जन्मतारीख चुकलीय, दोघांचं आधारच काढलेलं नाही. एक विचारतो, ठराव देऊनही शिक्षणाधिकाऱ्यांनी उत्तर दिलं नाही तर?

निवृत्त_केंप्र

त्याच शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 खाली लेखी तक्रार द्या, ती झेडपीकडेच जाते, तीन महिन्यांत निकाल द्यायचा असतो. नाही दिला किंवा पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील. दरम्यान माहिती अधिकारात विचारा की तुमच्या वाडीपासून मोठ्या शाळेचं अंतर कुणी, कधी आणि कुठल्या रस्त्याने मोजलं. ठरावाची सही-शिक्क्याची प्रत ग्रामसेवकाकडून त्याच आठवड्यात घ्या. चार पोरांचं आधार मात्र ग्रामसभेची वाट न बघता करा, सेंटर तालुक्यालाच असणार, गुरुजींना सुट्टीच्या दिवशी सोबत न्या म्हणजे दाखल्याचं तिथल्या तिथे होईल.

कोयनाकाठची

आणि साकवाचा फोटो पावसात काढून ठेवा, तारखेसकट. उन्हाळ्यात अधिकारी पाहणीला आले की ओढा कोरडा असतो.