सर्व्हरच्या दोन डिस्कचं मिररिंग बायोसमधूनच करायचं का? (प्रोलायंट एमएल ३० जेन १०)

वहीखातं:

नमस्कार मंडळी,

आमचं सांगलीत सीएचं ऑफिस आहे, बारा-पंधरा जण टॅली आणि शेअर्ड फोल्डरवर काम करतात. आत्तापर्यंत सगळं एका जुन्या डेस्कटॉपवर रेटत होतो, त्याची हार्डडिस्क आता कटकट आवाज करायला लागलीय म्हणून सरांनी एकदाचा सर्व्हर घेतला. एचपीईचा प्रोलायंट एमएल ३० जेन १०, १६ जीबी रॅम, ४-४ टीबीच्या दोन साटा डिस्क. वेगळं रेड कार्ड नाहीये, कोटेशनमध्ये होतं पण ती ओळ सरांनी पेनाने खोडली. ऑफिसात कॉम्प्युटरचं काहीही असलं की माझ्याच गळ्यात येतं, त्यामुळे हेही आलंय, शिक्षण माझं बीकॉम.

मशीन देणारा म्हणाला "बायोसमध्ये रेड वन करून घ्या मॅडम, पाच मिनिटांचं काम आहे" आणि चहा पिऊन गेला. रेड वन म्हणजे तेच मिररिंग, सगळं दोन्ही डिस्कवर सारखं लिहिणं. मी एफ ९ दाबून आत शिरले, स्टोरेज ऑप्शन्समध्ये साटा कंट्रोलरखाली दोन पर्याय दिसतायत, एक "साटा एएचसीआय सपोर्ट" आणि दुसरा "स्मार्ट ॲरे एसडब्ल्यू रेड सपोर्ट". सध्या एएचसीआयवर, म्हणजे दोन डिस्क सुट्या दिसतात त्या मोडवर आहे. दुसरा निवडला की खाली कसलीतरी वॉर्निंग येते म्हणून सेव्ह न करता बाहेर आले.

विंडोज सर्व्हर २०१९ टाकायचंय. आमच्या एका क्लायंटचा मुलगा पुण्यात आयटीत आहे तो म्हणतो बायोसचं रेड म्हणजे खोटं रेड, त्याच्या नादी लागू नका, प्रॉक्समॉक्स (एका मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारी लिनक्सवरची सिस्टिम) टाका. आता नक्की कुणाचं ऐकू? आणि मिरर केल्यावर ८ टीबीतले हाताला किती लागणार, ते सरांना आधीच सांगून ठेवते.

केबलचा_गुंता:

आधी हे सांगा, विंडोज टाकून झालंय की डिस्क कोऱ्या आहेत? टाकून झालं असेल तर त्या पर्यायाला हात लावू नका. एएचसीआयवर विंडोज चढवायचं आणि मग रेडला फिरवायचं म्हणजे पुढच्या स्टार्टला निळा स्क्रीन, इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस.

वहीखातं:

कोऱ्याच आहेत. अजून काहीच टाकलेलं नाही.

रॅकवाला:

मग काही बिघडलेलं नाही, नीट होईल.

तो पुण्याचा मुलगा अर्धं बरोबर बोलतोय. बोर्डावरचं जे आहे त्याचं नाव एस १०० आय, ते खरं रेड कार्ड नाही. बोर्डावरचं फर्मवेअर फक्त ॲरे, म्हणजे डिस्कचा गट, बनवून देतं आणि बूट होईपर्यंत दोन डिस्क एकच असल्यासारखं दाखवतं, नंतरचं सगळं काम विंडोजमधला ड्रायव्हर आणि तुमचा सीपीयू करतो. पण रेड १ मध्ये हिशेब असा काही नसतोच, एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहायची, बारा-पंधरा जणांच्या टॅलीला सीपीयूला ते जाणवणारसुद्धा नाही. कार्डाचा खरा फायदा कॅशचा, म्हणजे डिस्कवर लिहायचं तात्पुरतं धरून ठेवणाऱ्या मेमरीचा. बॅटरी असलेल्या कार्डावर लाईट गेली तरी लिहायचं राहिलेलं टिकतं, इथे तसली सोय नाही, म्हणून कार्ड वाचवलंत ना तर त्यातले थोडे पैसे यूपीएसला घाला आणि यूपीएसची केबल सर्व्हरला जोडून बॅटरी संपायच्या आत तो आपोआप शटडाऊन होईल असं करा. नुसता यूपीएस ठेवून उपयोग नाही, आपल्याकडे लाईट एकदा गेली की कधी येईल काय भरवसा.

ती वॉर्निंग बहुतेक बूट मोडची असणार. एस १०० आय फक्त यूईएफआय (नव्या पद्धतीच्या बूट) मोडमध्ये चालतं, लेगसी (जुन्या) बायोसमध्ये नाही. म्हणून आधी बूट ऑप्शन्समध्ये जाऊन बूट मोड यूईएफआय आहे ना ते बघा, मग स्टोरेज ऑप्शन्स, साटा कंट्रोलर ऑप्शन्स, एम्बेडेड साटा कॉन्फिगरेशन, तिथे एसडब्ल्यू रेड निवडा, एफ १० ने सेव्ह करा आणि रीस्टार्ट. इथेच लोक अडकतात, त्यांना वाटतं झालं रेड. झालं काही नसतं, तुम्ही फक्त कंट्रोलरचा मोड बदललेला असतो, ॲरे अजून बनायचाच आहे.

परत एफ ९ ने आत या, सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये आता एस १०० आय नावाची नवीन ओळ आलेली असेल. तिच्यात ॲरे कॉन्फिगरेशन, मग क्रिएट ॲरे. दोन्ही डिस्कवर टिक करा, पुढच्या फॉर्मवर जा, रेड लेव्हल १ निवडा. स्ट्रिप साइज वगैरे जे विचारेल ते आहे तसंच राहू द्या, त्यात डोकं घालून मिररमध्ये काही हाती लागत नाही. लॉजिकल ड्राइव्हला बरं नाव द्या आणि सबमिट चेंजेस. यात डिस्कवर जे असेल ते गेलं समजा, तुमच्या कोऱ्या आहेत म्हणून चिंता नाही.

जागा मिळणार एका डिस्कचीच, म्हणजे ४ टीबी, आणि विंडोज ती १०२४ च्या पटीत मोजून ३.६३ दाखवेल. सरांना ३.६३ हाच आकडा सांगा, नाहीतर नंतर "बाकीची जागा कुठे गेली" यावर अर्धा तास जाईल.

पेंग्विनप्रेमी:

प्रॉक्समॉक्स टाकणार असाल तर वरचं सगळं सोडा आणि एएचसीआयवरच ठेवा. एस १०० आय ला लिनक्सचा ड्रायव्हरच नाही, एचपीई स्वतःच सांगतं की लिनक्सला एएचसीआय ठेवून लिनक्सचं स्वतःचं सॉफ्टवेअर रेड वापरा. व्हीएमवेअरलाही हे चालत नाही. प्रॉक्समॉक्सच्या इन्स्टॉलरमध्येच झेडएफएस (डिस्कवर फाईली ठेवायची एक पद्धत) रेड १ हा पर्याय येतो, दोन डिस्क निवडल्या की मिरर तयार, आणि तो मिरर उद्या दुसऱ्या कुठल्याही कंपनीच्या मशीनला डिस्क लावल्या तरी उघडतो. बोर्ड मेला तर तुमच्या या फर्मवेअर मिररचं काय करणार? झेडएफएस वर चेकसम (डेटा बदललाय का ते पडताळायचा आकडा) पण ठेवतं, दोन प्रतींपैकी सडलेली कुठली ते त्याला कळतं, साध्या मिररला कळत नाही. विंडोज काय, वर व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवा की मस्त.

रॅकवाला:

@पेंग्विनप्रेमी तुमचं एक अक्षर चूक नाही, पण ताई एकट्या आहेत आणि १६ जीबी रॅममध्ये प्रॉक्समॉक्स, झेडएफएस आणि वर विंडोज सर्व्हर म्हणजे दाटीवाटीच. रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी काही अडलं तर सांगलीत रात्री आठला विंडोजवाला मिळेल, झेडएफएसवाला शोधावा लागेल. जे बिघडल्यावर हाक मारायला माणूस आहे तेच टाकावं या मताचा मी.

आणि विंडोजचंच मिररिंग वापरा असंही कुणी सांगेल म्हणून आत्ताच लिहितो. डेटाच्या डिस्कला ते छान आहे, पण बूटच्या डिस्कला यूईएफआयमध्ये दुसऱ्या डिस्कवर ईएफआय पार्टिशन (बूटच्या फाईलींचा भाग) हाताने करावं लागतं, ते राहिलं तर पहिली डिस्क गेल्यावर दुसरी धड असून मशीन उठत नाही. तुमच्या बाबतीत फर्मवेअरवालं बरं.

वहीखातं:

सगळ्यांचे आभार. विंडोजच ठरवलं. रॅकवाला दादांनी सांगितलं तसंच केलं, मोड बदलला, रीस्टार्ट, नवीन ओळ आली, ॲरे पण बनला, रेड १, स्टेटस ओके दाखवतोय. पण आता विंडोजच्या पेनड्राइव्हवरून सेटअप चालू केला तर "कुठे इन्स्टॉल करायचं" त्या पानावर यादी कोरी!! एकही डिस्क नाही. आधी एएचसीआयवर असताना सहज म्हणून बघितलं होतं तेव्हा दोन्ही दिसत होत्या. काही उडवलं का मी?

केबलचा_गुंता:

काही उडवलं नाही, उलट बरोबर चाललंय. विंडोजच्या सीडीत एस १०० आय चा ड्रायव्हर नसतो म्हणून त्याला ॲरे दिसत नाही. एचपीईच्या सपोर्ट पानावर तुमच्या मॉडेलखाली विंडोज सर्व्हर २०१९ निवडून एस १०० आय चा ड्रायव्हर उतरवा. ती ईएक्सई फाईल असते, तशीच पेनड्राइव्हवर टाकून चालत नाही, दुसऱ्या कॉम्प्युटरवर तिच्यातल्या फाईली बाहेर काढायच्या, त्यात आयएनएफ फाईल असलेला फोल्डर पेनड्राइव्हवर घ्यायचा. मग त्याच कोऱ्या पानावर "लोड ड्रायव्हर", ब्राउझ, तो फोल्डर. एक ड्राइव्ह दिसायला लागेल, एकच दिसला पाहिजे. दोन दिसले तर थांबा आणि इथे लिहा, इन्स्टॉल करू नका.

हा खटाटोप नको असेल तर मशीन चालू होताना एफ १० दाबून इंटेलिजंट प्रोव्हिजनिंगमधून विंडोज टाका, ते ड्रायव्हर स्वतः घालतं.

वहीखातं:

दिसला!! एकच. ३७२५ जीबी. इन्स्टॉल चालू आहे.

नाईटशिफ्ट:

उशिरा आलो पण हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

मिरर करणं सोपं, तुटलेला कळणं अवघड. एका ठिकाणी मला बोलावलं होतं "सर्व्हर बंद पडला" म्हणून, बघतो तर दोन डिस्कपैकी एक कित्येक महिन्यांपूर्वीच गेलेली, सगळे उरलेल्या एकीवर निवांत काम करत होते कारण चालू तर होतं सगळं, आणि मग तीही गेली. तर विंडोज लागलं की त्यावर एचपीईचं स्मार्ट स्टोरेज ॲडमिनिस्ट्रेटर टाका आणि दर सोमवारी सकाळी कुणीतरी ते उघडून स्टेटस बघायचं हे ठरवून टाका. त्याची कमांडवाली आवृत्ती पण असते, टास्क शेड्युलरमध्ये लावून रोज स्टेटस एका फाईलमध्ये लिहून घेता येतं, पण फाईल बघणारा माणूस लागतोच.

आता, डेटा टाकायच्या आधी एक चाचणी कराच. मशीन शटडाऊन करा, प्लग काढा, एका डिस्कची केबल काढा, चालू करा. विंडोज उठलं पाहिजे आणि टूलमध्ये ॲरे डिग्रेडेड (एक डिस्क नसलेला) दिसला पाहिजे. मग परत बंद करून केबल लावा आणि रिबिल्ड, म्हणजे त्या डिस्कवर परत पूर्ण नक्कल, होऊ द्या. ४ टीबीला सेकंदाला १५० एमबीच्या वेगाने धरलं तरी साडेसात तासांच्या आसपास जातात आणि वर काम चालू असलं तर आणखी, म्हणून संध्याकाळी लावा. झालं की दुसऱ्या डिस्कला तेच.

हे करताना प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर कागदावर लिहून खणाच्या बाहेर चिकटवा. डिस्क गेल्यावर टूल सांगतं अमुक नंबरची गेली, आणि घाईत माणूस चांगली असलेलीच उपसून काढतो.

डिस्क कुठल्या आहेत ते पण बघा, एनएएस (नेटवर्कवरच्या साठवणीसाठीच्या) किंवा एंटरप्राइज की साध्या डेस्कटॉपच्या? साध्या डिस्क एखादा खराब सेक्टर वाचायला बराच वेळ घेत बसतात, रेडला वाटतं ही मेली आणि तो तिला बाहेर काढतो. रेडसाठीच्या डिस्क साधारण ७ सेकंदांत प्रयत्न सोडून कंट्रोलरला कळवतात.

वहीखातं:

एनएएसच्या आहेत, लेबलवर लिहिलंय. चाचणी आज संध्याकाळी सगळे गेले की करते. सर म्हणाले आता दोन डिस्क आहेत म्हणजे रोजचा पेनड्राइव्हवरचा बॅकअप बंद करायचा ना. आणि जुन्या डेस्कटॉपची डिस्क काढून सरळ या सर्व्हरच्या रिकाम्या खणात लावली तर डेटा पटकन येईल ना?

नाईटशिफ्ट:

सरांना सांगा, कुणी चुकून कंपनीचा फोल्डर डिलीट केला तर तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी डिलीट होणार. रॅन्समवेअर आलं तर दोन्हीकडे एकदम लॉक. पेनड्राइव्ह बंद करायचा नाही, उलट दोन एक्स्टर्नल डिस्क घ्या, एक ऑफिसात, एक सरांच्या घरी, आठवड्याला अदलाबदल.

जुनी डिस्क खणात नको. आधीच आवाज करतेय, आणि रेड मोडमध्ये ॲरेच्या मेनूत चुकून तिच्यावर टिक पडली तर जुना डेटा पण गेला. दुकानात यूएसबी ते साटा केबल मिळते, एक्स्टर्नल डिस्कसारखी लावा आणि कॉपी करा. शनिवारी ऑफिस सुटल्यावर, टॅली सगळ्या मशीनवरून बंद करून, आणि पहिला टॅलीचा डेटा फोल्डर घ्या, स्कॅन केलेली कागदपत्रं नंतर. ती डिस्क कॉपी होता होताच बसली तर निदान टॅली तरी हातात असेल.