न्यूयॉर्कहून कुलमुखत्यारपत्र: नोटरी पुरते का?

क्वीन्सवासी:
नमस्कार. नाशिकला माझ्या नावावर टू-बीएचके आहे, गिऱ्हाईक ठरलंय. मला सुट्टी मिळत नाही, म्हणून थोरल्या भावाला कुलमुखत्यारपत्र देतेय. माझ्या बँकेत नोटरी फुकट होते. तेवढं चालेल का? एक जण म्हणतो कॉन्सुलेट, दुसरा म्हणतो अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून मिळणारं सरकारी प्रमाणपत्र). भाऊ म्हणतो, "तू पाठव, इथलं मी बघतो." तो सगळ्यालाच असं म्हणतो.

सिडकोची ताई:
माझी धाकटी बहीण तुमच्याच गावात. तिचा फ्लॅट मी मुखत्यार होऊन विकला, त्यामुळे आमच्या चुका फुकटात घ्या.

नोटरीनंतर अपॉस्टिल करा. अमेरिका आणि भारत दोन्ही अपॉस्टिल मानणाऱ्या हेग करारात आहेत, आपण २००५ पासून. पण न्यूयॉर्कात मध्ये एक पायरी आहे. ज्या काउंटीत (म्हणजे तिथल्या जिल्ह्यात) त्या नोटरीची नोंद असेल, तिथल्या काउंटी क्लार्ककडून आधी त्याची सही प्रमाणित करून घ्यायची (३ डॉलर), मग न्यूयॉर्क राज्याच्या डिपार्टमेंट ऑफ स्टेटकडे अपॉस्टिल (१० डॉलर). बहिणीने मधली पायरी गाळून थेट पोस्टाने पाठवलं. कागद जसाच्या तसा परत, तीन आठवडे पाण्यात.

मसुदा मात्र नाशिकच्या वकिलाकडूनच घ्या. फ्लॅट नंबर, सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ जुन्या करारनाम्यात आहे तसंच्या तसं. "विनामोबदला" हा शब्द हवाच. सख्ख्या भावाला विनामोबदला विक्रीचा अधिकार दिला तर मुद्रांक शुल्क ५०० रुपये. परक्याला दिलात तर खरेदीखताइतकं लागतं. आणि पैसे तुमच्या एनआरओ खात्यात (अनिवासींचं भारतातलं बँक खातं) जमा होतील हेही लिहा. भाऊ सख्खा असला तरी.

आता माझा पराक्रम. परदेशात केलेला कागद महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. सही कधी केली याला महत्त्व नाही, इथे कधी पोचला ते धरतात. पार्सल गणपतीत आलं, मी कपाटात ठेवलं, दिवाळीचा फराळ आटोपल्यावर आठवण झाली. मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयात पहिला प्रश्न: "पाकीट कुठंय?" पाकीट रद्दीत! शेवटी कुरिअरवाल्याकडून पोचल्याची तारीख छापून आणली. मुदतीला दहा-बारा दिवस उरले होते.

दुबईकर:
आम्हाला इथे अपॉस्टिल मिळत नाही, मी भारतीय कॉन्सुलेटमध्ये सही केली. नोंदणी कायद्याच्या कलम ३३ मध्ये परदेशातला नोटरी आणि भारतीय कॉन्सुल दोन्ही चालतात. आणखी एक, खरेदीदार १ टक्का टीडीएस कापतो म्हणाला तर थांबवा. विकणारा अनिवासी असेल तर तो दर लागत नाही, सीएला आधी भेटा.

सिडकोची ताई:
हो, ते राहिलंच. आणि खरेदीखताच्या दिवशी भावाला घोषणापत्र द्यावं लागेल की मुखत्यारपत्र रद्द झालेलं नाही आणि तुम्ही हयात आहात. मला ते लिहिताना कसंसंच झालं. बहिणीला फोन करून आधी बोलून घेतलं.

क्वीन्सवासी:
ताई, खूप आभार. आज बँकेत विचारलं, तर त्या नोटरीची नोंद नासाउ काउंटीची निघाली. म्हणजे तिथल्या क्लार्ककडे, मिनिओलाला फेरी. त्यापेक्षा इथे क्वीन्समधल्याच जमैका भागात क्वीन्सच्या नोंदीचा नोटरी गाठते, काउंटी क्लार्क तिथेच आहे. पाकिटावर मार्करने लिहिणार आहे: दादा, फेकू नकोस.