टीडीएस कळतो, पाणी कळत नाही : सामान्य माणसाला विज्ञान समजतं का?

मिलिग्रॅम (धागाकर्ता)

घरोघरी होणारा एक प्रयोग घ्या. पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणारा ओट्यावर दोन ग्लास मांडतो. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओचं, म्हणजे क्षार अडवणाऱ्या बारीक पडद्यातून आलेलं. दोन्हींत दांड्या लावलेलं झाकण बुडवून प्लग लावतो. मिनिटाभरात नळाचं पाणी हिरवट, मग तांबूस-तपकिरी होतं आणि वर घाणेरडा फेस येतो. आरओचं पाणी जवळपास जसंच्या तसं. "बघा वहिनी, हे पाजताय तुम्ही मुलांना." ऑर्डर पक्की.

त्या दांड्यांच्या जोडीत एक लोखंडाची असते, एक ॲल्युमिनियमची. नळाच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियमचे क्षार विरघळलेले असतात, म्हणून त्यातून वीज वाहते. वीज वाहिली की धन टोकाची लोखंडी दांडी झिजून लोह पाण्यात उतरतं. ऋण टोकाला हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात, तोच फेस. लोहाचं आधी हिरवट हायड्रॉक्साइड बनतं आणि हवा लागली की ते गंजाच्या रंगाचं होतं. म्हणजे तो गाळ पाण्यात नव्हताच, दांडीतून आला. आरओच्या पाण्यात क्षार दहा-पंधरा पट कमी, वीज तेवढी कमी, गंजही तेवढा कमी.

विद्युत अपघटन शाळेत शिकवतात. व्याख्येला दोन मार्क, आकृतीला दोन. ते मार्क मिळवलेला माणूस ओट्याशी उभा राहून "बाप रे" म्हणतो. "दांडी बघू जरा, झिजली का?" असं विचारत नाही. माझं म्हणणं सरळ आहे : आपल्याकडे लोकांना आकडा पाठ असतो, तो कशाचा आकडा आहे ते माहीत नसतं. "आमच्याकडे टीडीएस ३५० आहे हो" असं काळजीने सांगणाऱ्याला टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचं एकूण प्रमाण, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) दाखवणारा मीटर काय मोजतो ते विचारून पाहा.

---

तोटी

साफ असहमत. हे अज्ञान नव्हे, तुम्ही चुकीच्या ठिकाणी बोट ठेवताय.

विक्रेता डोळ्यांना दिसेल असं काहीतरी दाखवतो. पाणी पुरवणारी यंत्रणा काय दाखवते? इमारतीची टाकी शेवटची कधी धुतली, नळाला उरलेला क्लोरीन किती, ड्रेनेजशेजारची पाइपलाइन कुठे फुटली आहे, यातलं काहीच घरातल्या माणसाला कळत नाही. एका बाजूला प्रयोग, दुसऱ्या बाजूला शून्य माहिती. अशा वेळी जो प्रयोग दाखवतो त्याच्यावर भरवसा ठेवणं हा मूर्खपणा नाही.

आणि असल्या परीक्षा घेऊन जनतेला नापास करणं फार जुनं आहे. अमेरिकेत २०१२च्या सर्वेक्षणात 'पृथ्वी सूर्याभोवती फिरते की उलट' याचं बरोबर उत्तर ७४ टक्के लोकांनी दिलं. उरलेल्या २६ टक्क्यांवर जगभर हसून झालं. पण त्या प्रश्नाचं उत्तर आलं किंवा न आलं, म्हणून कोणाच्या घरातलं पाणी, औषध, वीज सुधारली? लोक अडाणी आहेत, त्यांच्यात माहिती ओतली की शहाणे होतील, या समजुतीवर विज्ञानप्रसाराचा अभ्यास करणारेच कित्येक वर्षं टीका करताहेत.

---

मिलिग्रॅम

मी पाठांतर मागतच नाहीये. एक साधी सवय मागतोय : शेजारी तुलनेला तिसरा ग्लास ठेवा.

त्याच आरओच्या पाण्याचा २०० मिलिलिटरचा ग्लास घ्या. त्यात ०.१ ग्रॅम म्हणजे लहान चिमटीचा साधारण तिसरा हिस्सा स्वयंपाकाचं मीठ घाला. झाले ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर. आता तेच झाकण बुडवायला सांगा. शुद्ध पाणी अधिक घरचं मीठ, आणि रंग नळाच्या पाण्यापेक्षाही झपाट्याने तपकिरी. विक्रेता मीठ घालू देत नाही, यातच काय ते समजा. (दांड्यांना घरची २३० व्होल्टची वीज असते, त्यामुळे ग्लासात बोट घालायचं नाही आणि मीठ मूठभर टाकायचं नाही. वीज फार वाहिली तर एमसीबी पडेल.)

मीटरचंही तसंच. त्याला क्षार 'दिसत' नाहीत. दोन टोकांमध्ये बारीकसा विद्युतप्रवाह सोडून तो पाण्याची वाहकता मोजतो आणि तिला ठरावीक गुणकाने गुणून आकडा दाखवतो. काही मीटरांत गुणक ०.५ असतो, काहींत ०.७. म्हणून ५०० मायक्रोसिमेन्स (वाहकतेचं एकक) वाहकतेचं एकच पाणी एका मीटरवर २५० दिसतं, दुसऱ्यावर ३५०. आता एक ग्लास पाण्यात चमचाभर साखर ढवळा. लिटरमागे जवळजवळ २५,००० मिलिग्रॅम पदार्थ विरघळला, पण मीटर ढिम्म. साखरेचे आयन होत नाहीत. जंतूही त्याला दिसत नाहीत. गटाराचे दोन थेंब पडले तरी आकडा तोच राहील आणि पिणाऱ्याला जुलाब होतील.

---

हंडाकळशी

मला या सगळ्यात एक गंमत वाटते. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवणाऱ्या बाईला तुम्ही विज्ञान कळणाऱ्यांत धरता की न कळणाऱ्यांत?

हंड्यात तुरटी चार-पाच वेढे जोरात फिरवायची, मग हात हळू करायचा, मग अर्धा-पाऊण तास हंडा हलवायचा नाही, आणि तळाचं चार बोटं पाणी सोडून वरचं ओतून घ्यायचं. जलशुद्धीकरण केंद्रातही क्रम हाच : आधी जोरात ढवळणं, मग सावकाश, मग निवळू देणं. मातीच्या कणांवर ऋणभार असतो, तुरटीतलं ॲल्युमिनियम तो मारतं, कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि बसतात. तुरटी जास्त झाली की पाणी तुरट लागतं हे तिला जिभेवरून कळतं. 'ऋणभार' हा शब्द तिला माहीत नाही, एवढाच काय तो फरक. शब्द माहीत असणारे मात्र तुमच्या त्या तपकिरी ग्लासापुढे फसतात. मग अडाणी कोण?

---

मिलिग्रॅम

मुद्दा जोरदार आहे आणि अर्धा मान्य. उरलेल्या अर्ध्यासाठी एकच प्रश्न : तुरटीने निवळलेलं पाणी 'पिण्यालायक' झालं असं समजलं जातं की नाही? जातं. गाळाबरोबर थोडे जंतू खाली बसतात, सगळे मरत नाहीत. कृती कुठवर चालते आणि कुठे थांबते, हे कळायला कारण माहीत असावं लागतं.

---

खारपाण

टीडीएसची इतकी टिंगल नको. अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात हाच आकडा कामाचा आहे. तिथल्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे ५०० पर्यंत चांगलं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यायचं. तिथे आरओ ही चैन नाही.

उलट जिथे धरणाचं, पावसाचं पाणी येतं आणि टीडीएस ५०० च्या खूपच खाली आहे, अशा शहरांत आरओ लावून लिटरमागे अडीच-तीन लिटर पाणी मोरीत सोडतात. टीडीएस ५०० पेक्षा कमी तिथे आरओ नको, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९मध्ये दिला होता. तरी विक्री जोरात. वर आणखी विनोद म्हणजे यंत्रातला 'टीडीएस कंट्रोलर'. आरओतून फार बेचव झालेल्या पाण्यात पडदा चुकवून आलेलं थोडं पाणी परत मिसळायचा तो व्हॉल्व आहे.

पण खरी फसगत वेगळीच आहे. चंद्रपूर, यवतमाळच्या काही गावांत भूजलात फ्लोराइड आहे. मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम, नाइलाजाने १.५. टीडीएस ४०० असलेल्या पाण्यात फ्लोराइड ३ असलं तर मीटर ते कसं सांगणार? त्या ४०० मध्ये ३ कुठे शोधायचे? आर्सेनिक, शिसं यांची मर्यादा तर ०.०१. पाणी स्वच्छ, चव गोड, मीटर खूश आणि पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे. तिथे "उकळून प्या" हा सल्ला उलटा पडतो. पाणी आटतं, फ्लोराइड तिथेच राहतं, म्हणजे प्रमाण वाढतंच. त्यासाठी आरओ, सक्रिय ॲल्युमिना, नाहीतर नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने बसवलेली नलगोंडा पद्धत लागते. तिच्यात चुना, तुरटी आणि ब्लीचिंग पावडर वापरतात. तुरटी तीच, पण मात्रा घरच्या वेढ्यांपेक्षा कितीतरी जास्त आणि मोजून.

---

तोटी

बघा, खारपाण यांनी माझंच काम केलं. फ्लोराइड ओळखायला शहाणपण नको, चाचणी हवी. दर गावात पाच महिलांना तपासणी संचाचं प्रशिक्षण द्यायचं, ही जल जीवन मिशनमधली तरतूद म्हणूनच योग्य आहे. हातात साधन दिलं की लोक वापरतात.

---

टीसीएल तेहतीस

साधन दिलं की झालं, असं नसतं. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर गावोगावी वर्षानुवर्षं आहे. तरी घोटाळे तेच.

ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. पोतं उघडं राहिलं, ओल लागली, पत्र्याच्या खोलीत उन्हाळा काढला की तो २० वर, त्याच्याही खाली येतो. वास मात्र येत राहतो. "वास येतोय ना, मग चांगली आहे" ही पहिली चूक. दहा हजार लिटरच्या टाकीला लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचा तर २० ग्रॅम लागतो. ३३ टक्क्यांच्या पावडरीला ६० ग्रॅम, २० टक्क्यांच्या पावडरीला १०० ग्रॅम. तोच डबा, तेच माप वापरलं तर दुसऱ्या वेळी पाण्याला साधारण साठ टक्केच डोस मिळाला.

दुसरी चूक पावडर थेट टाकीत भुरभुरवायची. प्लास्टिकच्या बादलीत आधी लापशीसारखी कालवायची, मग पाणी वाढवून ढवळायची, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, चुना खाली बसला की वरची निवळ टाकीत. आणि त्यानंतर अर्धा तास ते पाणी सोडायचं नाही. क्लोरीनला मारायला वेळ लागतो.

तिसरी चूक फक्त पावसाळ्यातली. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळातल्या सेंद्रिय कचऱ्यावरच खर्च होतो. म्हणून आधी तुरटी, मग टीसीएल. क्रम उलटा केला की क्लोरीन वाया.

डोस पोचला का हे ओटी (ऑर्थोटोलिडीन हे रसायन) चाचणीने कळतं. नळीत खुणेपर्यंत पाणी, ओटीचे सांगितलेले थेंब, आणि पिवळा रंग तक्त्याशी लगेच ताडायचा. शेवटच्या नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा, साथीच्या काळात ०.५. उशिरा पाहिलं तर बांधलेला, म्हणजे पाण्यातल्या दुसऱ्या पदार्थांशी जोडला गेलेला, क्लोरीनही रंग देतो आणि आकडा फुगतो. पाण्यात लोह किंवा मँगनीज असेल तरी खोटा पिवळा येतो. ते पाणी प्यायचं नाही, मोरीत ओतायचं, ओटी विषारी आहे. आता सांगा, पाच जणींना नळी आणि बाटली दिली आणि 'लगेच का पाहायचं' ते सांगितलं नाही, तर वहीत कोणता आकडा चढेल?

---

उगाच एक

एवढं गणित कोण करणार? यंत्र घ्या, वर्षाचा करार करा, शांत झोपा. सगळ्यांनी केमिस्ट व्हायची गरज नाही.

---

टीसीएल तेहतीस

झोपा, पण एवढं ऐकून. क्लोरीनने आरओचा पडदा खराब होतो, म्हणून त्याच्या आधी कार्बनचा फिल्टर असतो आणि तो क्लोरीन काढून टाकतो. यंत्रातून निघालेल्या पाण्याला पुढे कसलंही संरक्षण राहत नाही. ते दोन दिवस माठात ठेवलं, त्यात वाटी बुडवली, की नळाच्या ताज्या क्लोरीनवाल्या पाण्यापेक्षा ते जास्त धोक्याचं. "शुद्ध आहे, राहील चार दिवस" हा विचार करारात भरून निघत नाही.

---

हंडाकळशी

हे छान. यात विज्ञानाचा एक शब्द नाही आणि तरी कोणालाही कळेल. म्हणूनच माझा आग्रह : 'लोकांना कळत नाही' म्हणण्याआधी सांगणाऱ्याने वाक्य असं करून पाहावं. 'माठात वाटी बुडवू नका, कारण यातला क्लोरीन यंत्राने आधीच काढलाय.' कारण त्याच वाक्यात आलं. आपले फलक मात्र 'पाणी उकळून व गाळून प्यावे' इथे संपतात. का उकळायचं, किती वेळ, आधी गाळायचं की नंतर, काही नाही. (आधी गाळायचं. उकळल्यावर गाळलं तर फडक्यातले जंतू परत पाण्यात.)

---

मिलिग्रॅम

इथे मी माघार घेतो, तुरटीवाल्या बाईबद्दल नाही, फलकांबद्दल. दोष ऐकणाऱ्याचाच असं माझ्या पहिल्या पोस्टमध्ये वाटतं, ते चूक.

पण तोटी, 'चाचणी द्या, बाकी आपोआप' हे अजूनही पटत नाही. पाण्यात मैल्याचे जंतू आहेत का हे तपासायच्या एचटूएस बाटलीचं उदाहरण घ्या. बाटली खुणेपर्यंत भरायची, उबदार जागी २४ ते ४८ तास ठेवायची. काळी झाली तर मैल्याची शंका. एवढं सोपं. पण नळ दोन-तीन मिनिटं वाहू न देता भरली किंवा झाकणाच्या आतून बोट लागलं, तर बोटावरचे जंतूच ती काळी करतील. काही बोअरच्या पाण्यात मुळातच हायड्रोजन सल्फाइड असतो, तिथे मैला नसतानाही काळी. निकाल 'काळी' एवढाच, अर्थ तीन.

---

तोटी

म्हणून तर दुसरी बाटली लावायची, उकळून गार केलेल्या त्याच पाण्याची. ती स्वच्छ राहिली आणि पहिली काळी झाली, तर जंतू पाण्यातलेच असण्याची शंका बळकट, बाटलीत किंवा भरण्यात घोळ असण्याची शक्यता कमी. तिसऱ्या ग्लासाची सवय लोकांना लागू शकते हे मी नाकारत नाही. सवय नाही म्हणजे समज नाही, हे नाकारतोय. आणि तरीही शंका असेल तर जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेची प्रयोगशाळा आहे. रासायनिक तपासणीला लिटरभर पाणी स्वच्छ प्लास्टिक बाटलीत, जंतूंसाठी त्यांचीच निर्जंतुक बाटली, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची.

---

प्रयोगवही

मुलांना घेऊन करायचा असेल तर विक्रेत्याच्या दांड्या नकोत, ९ व्होल्टची बॅटरी पुरते. तीन ग्लास : नळाचं, आरओचं, मीठ घातलेलं आरओचं. प्रत्येकात दोन लोखंडी खिळे, मध्ये दोन सेंटिमीटर अंतर, एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. प्रत्येक ग्लासाला दहा मिनिटं. आधी रंगाचा अंदाज वहीत लिहून घ्या, मग तारा जोडा. मिठाच्या ग्लासात वीज जास्त वाहते आणि थोडा क्लोरीनही सुटू शकतो, म्हणून खिडकी उघडी ठेवा. नंतरचं पाणी ओतून द्यायचं, कुठल्याही ग्लासातलं प्यायचं नाही.

खिळे मात्र साधे काळे घ्या. जस्ताचा मुलामा असलेले चकचकीत घेतले तर सुरुवातीला तपकिरीऐवजी पांढुरका गाळ येतो, आणि शेजारी कोणी उभा असेल तर तो लगेच म्हणेल, "बघा, पाण्यातला चुना निघाला."