मदत हवी आहे : भावाला हेपॅटायटिस सी, व्यसनमुक्तीचे उपचार चालू, आणि खांदा भयंकर दुखतो. आधी कुणाकडे जायचं?

द्राक्षबागेतली ताई :

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबणार आहे, पण अर्धवट लिहिलं तर उत्तरंही अर्धवट येतील. तासगाव तालुका एवढाच पत्ता पुरे. आमच्याकडे एका वाडीवर शिंकलं की दुसऱ्या वाडीवरून "जीते रहो" येतं.

भाऊ माझ्याहून लहान, तिशीच्या आतला. शाळेपासून तालमीत, यात्रांची मैदानं करायचा. एकदा कुस्तीत खांदा निखळला, नीट बसला नाही, मग वरचेवर निखळायला लागला. तालीम सुटली आणि जिम लागली. तिथं पोरं ताकदीसाठी म्हणून मेफेन्टरमाइनचं इंजेक्शन घ्यायची. ऑपरेशन चालू असताना रक्तदाब पडला तर तो वर आणायला देतात ते औषध! एक बाटली, चार पोरं. खांद्यासाठी ट्रामाडोल, मग टॅपेन्टाडोल (दोन्ही अफूच्या जातीच्या पेनकिलर), आणि शेवटी तेही सुईनं. आम्हाला कळेपर्यंत एका हंगामाच्या बेदाण्याचे पैसे संपले होते.

व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला. दिवाळीपासून काही घेतलेलं नाही. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी नाल्ट्रेक्सोन (अफूच्या जातीच्या औषधांचा परिणाम अडवणारी गोळी) ५० मिलिग्रॅम रोज एक चालू ठेवलीय, ती वहिनी समोर उभं राहून देते.

आता अडचण. खांद्याचं दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलं होतं. त्याआधीच्या रक्ततपासणीत एचसीव्ही, म्हणजे हेपॅटायटिस सीचा (काविळीचा) विषाणू, रिअ‍ॅक्टिव्ह आलं. एचआयव्ही आणि हेपॅटायटिस बी निगेटिव्ह. "आधी लिव्हरचं बघून या" म्हणून फाईल हातात दिली. लिव्हरच्या डॉक्टरांनी पेनकिलर बंद सांगितल्या. मानसोपचारवाले म्हणतात, गुंगीची कुठलीच गोळी नको. तिघंही आपापल्या जागी बरोबर असतील. पण खांदा रात्रभर ठणकतो त्याचं काय करायचं, यावर तिघांपैकी एकही बोलत नाही. हल्ली गुडघे आणि मनगटंही धरतात.

घरात आबांचं एकच, "गोळीसाठी नाटकं करतोय." त्यामुळे भावानं दुखतंय म्हणायचंच सोडलंय, आणि मला त्याचीच जास्त धास्ती आहे. जुने दोस्त अजून बांधावर येऊन हाक मारतात. त्यांच्याकडे दुखण्यावर "इलाज" आहे.

तर विचारायचं असं, की दुखणं, कावीळ आणि व्यसन यांत आधी काय धरायचं? दुखण्यावर काय देता येतं? औषधं फार महाग असतात का? आणि घरात दोन लहान पोरं आहेत, त्यांना धोका आहे का?

---

खवळलेला खवय्या :

पहिलवान गडी आणि दुखतंय म्हणून रडतो? दोन महिने मातीत घाला, सगळं जाईल.

---

द्राक्षबागेतली ताई :

मातीतच निखळलाय खांदा. एमआरआय बघायचा असेल तर टाकते.

---

कृष्णाकाठचा वैद्य :

मी फिजिशियन आहे. इथून उपचार करत नाही, दिशा तेवढी सांगतो.

रिअ‍ॅक्टिव्ह आली ती अँटिबॉडी, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीरानं बनवलेलं प्रथिन. विषाणू शरीरात कधीतरी येऊन गेला एवढंच त्यावरून कळतं. काही लोकांत तो पहिल्या सहा महिन्यांत आपोआप निघून जातो आणि अँटिबॉडी तरीही जन्मभर पॉझिटिव्ह राहते. म्हणून आधी आरएनए, म्हणजे व्हायरल लोड : रक्तात विषाणू आत्ता आहे का आणि किती, ती तपासणी. विषाणू सापडला तर यकृत किती कडक झालंय ते बघतात. एएसटी (रक्तातलं यकृताचं एन्झाइम) आणि प्लेटलेट्सवरून अंदाज येतो, नाहीतर फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारं यंत्र.

खर्चाची काळजी सोडा. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात हेपॅटायटिस सीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. सिरोसिस (यकृत व्रणांनी कडक होणं) नसेल तर सोफोसबुविर ४०० आणि डॅक्लाटास्विर ६०, रोज एकेक, १२ आठवडे. संपल्यावर पुन्हा १२ आठवड्यांनी आरएनए निगेटिव्ह आला की बरा झाला म्हणायचं, आणि शंभरातले ९५ च्या आसपास होतात. व्यसन पूर्ण सुटल्याशिवाय ही औषधं देता येत नाहीत असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. सध्या सुई टोचणाऱ्यांनाही ती द्यावीत, हीच जगभरची शिफारस आहे. मात्र बरा झाल्यावर पुन्हा लागण होऊ शकते आणि लस अजून निघालेली नाही. हेपॅटायटिस बीची आहे. तो निगेटिव्ह आहे, तर ० - १ - ६ महिने अशी घेऊन टाका.

"आधी काय" हा प्रश्नच मला पटत नाही. तिन्ही एकत्र चालवायचं. गुडघे-मनगटं दुखतात ते या विषाणूनंही असू शकतं, कित्येकांत सांधेदुखी हीच तक्रार घेऊन हा आजार येतो. दुसरं म्हणजे, अफूच्या जातीची औषधं खूप दिवस घेतली की मज्जासंस्था दुखण्याला जास्तच हळवी होते. तुमच्या-माझ्यापेक्षा त्याला खरोखर जास्त दुखत असणार. आबांना हे सांगा.

---

मिरजेची सिस्टर :

ताई, ऑपरेशन थिएटरमध्ये बरीच वर्षं काढलीत. त्यात एक गोष्ट कुणाच्या ध्यानात राहत नाही, ती सांगते.

नाल्ट्रेक्सोन चालू असताना मॉर्फिन, ट्रामाडोल, फेन्टानिल यांचा दुखण्यावर नीट उपयोग होत नाही. ऑपरेशनची तारीख मिळाली की भूल देणाऱ्या डॉक्टरांना पहिल्या भेटीतच सांगा. साधारण ७२ तास आधी नाल्ट्रेक्सोन थांबवतात, पण मानसोपचाराच्या डॉक्टरांना विचारूनच, मनानं नाही. खांद्याला नसेजवळ इंजेक्शन देऊन फक्त हात बधिर करता येतो, त्यानं नंतरचं दुखणं बरंच आटोक्यात राहतं. तेही आधी बोलून ठेवा.

आणि हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं. नाल्ट्रेक्सोन थांबली आणि त्यानं पूर्वीच्याच मापानं काही टोचलं तर जीव जाईल. शरीराची सवय मोडलेली असते.

मेडिकलमधून "अंगदुखीची गोळी" मागू नका. त्यात बहुतेकदा अ‍ॅसिक्लोफेनॅक (बंद सांगितलेल्यांतलीच पेनकिलर) आणि पॅरासिटामॉल एकत्र असतं. नुसतं पॅरासिटामॉल यकृताच्या रुग्णाला दिवसाला २ ग्रॅमच्या आत सहसा चालतं, म्हणजे ५०० च्या चारपर्यंत, पण लिव्हरच्या डॉक्टरांना विचारून, आणि दारू शून्य.

एचसीव्ही आहे म्हणून ऑपरेशन नाकारता येत नाही, काळजी सगळ्याच रुग्णांसाठी सारखीच घ्यायची असते. मात्र घाई नसेल तर आधी विषाणू काढून टाकू असं डॉक्टर म्हणू शकतात, त्यात गैर काही नाही.

---

कृष्णाकाठचा वैद्य :

सिस्टरांना अनुमोदन. भर घालतो : नसदुखीवर कुणी कार्बामाझेपीन लिहून देतं, ती सोफोसबुविर-डॅक्लाटास्विरबरोबर अजिबात चालत नाही. नसदुखीच्याच प्रीगाबालिनचीही सवय लागते, यानं तर जपूनच. डायक्लोफेनॅकचा लेप, शेक, आणि मुख्य म्हणजे खांद्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून रोज. मोठ्या दवाखान्यांत भूलशास्त्र विभागाची दुखण्याची ओपीडी असते, तिची चौकशी करा.

पोरांना जेवणातून, मिठीतून, पाण्यातून काही होत नाही. दाढीचं ब्लेड, टूथब्रश, नेलकटर मात्र त्याचं वेगळं.

---

साताऱ्याचा परतलेला :

मी स्वतः यातून गेलोय. सुई सुटल्यावर अंग असं दुखायचं की वाटायचं, औषधानंच दुखणं दाबून ठेवलं होतं आणि आता व्याजासकट वसूल करतंय. काही महिन्यांनी उतरलं. पण त्या काळात घरच्यांनी "नाटक" म्हटलं की पाय आपोआप जुन्या कट्ट्याकडे वळायचे. भावाला म्हणावं, दहापैकी किती दुखतंय ते रोज वहीत लिही आणि ती वही डॉक्टरांसमोर ठेव. आकडा दिसला की ते गोळीशिवायचंही काही सुचवतात. रात्री फारच तलफ आली तर १४४४६ लावा, व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे. मी लावलाय.

आणि त्याच्याबरोबर बाटली वाटून घेणारी ती चार पोरं? सुई नवी असली तरी बाटली एकच असेल तर लागण होते. त्यांनाही तपासणी करायला सांगा.

---

द्राक्षबागेतली ताई :

सगळ्यांचे आभार. वैद्यांचा परिच्छेद आबांना मोठ्यानं वाचून दाखवला. "हं" म्हणाले आणि उठून गेले, पण संध्याकाळी भावाला शेकायची पिशवी आणून दिली त्यांनीच.

त्या पोरांपैकी दोघांच्या घरी मीच जाणार आहे. बाकीच्यांच्या आया मला उभं करणार नाहीत, त्यांना भाऊच सांगेल म्हणतो.

लिव्हरच्या डॉक्टरांकडे आमचे बरेच कागद आहेत, ते सगळे घेऊन सिव्हिलला जातोय. काविळीची माळ आणि गुळवेलीचा काढा घेऊन मावशी आलीय, काढा तूर्त मागच्या दारी ठेवलाय.

एक राहिलं. आरएनएसाठी उपाशीपोटी जावं लागतं का? आणि आधारकार्डाशिवाय आणखी काय लागतं?

---

मिरजेची सिस्टर :

उपाशी नको. जुना रिपोर्ट, आधार, मोबाईल नंबर एवढं न्या, आणि नाल्ट्रेक्सोनची चिठ्ठीही. काढ्याला हात लावू देऊ नका; गुळवेलीनं यकृताला इजा झाल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवल्यात. सकाळी लवकर निघा, केसपेपरची रांग मोठी असते.