जुन्या जीपच्या मागच्या अ‍ॅक्सलचे आणि ब्रेकचे भाग आपल्या सीमाभागात कसे मिळवावेत?

निपाणीहून, प्रश्नकर्ता

नमस्कार. वडिलांनी तंबाखूच्या हंगामात शेतावर जाण्या-येण्यासाठी घेतलेली सीजे-३बी जीप गेली अकरा वर्षे गोठ्याशेजारच्या छपराखाली उभी होती. दिवाळीपासून मी ती पुन्हा रस्त्यावर आणण्याच्या खटपटीत आहे. इंजिन चालू झाले आहे, पण मागच्या अ‍ॅक्सलने (मागची दोन चाके जोडणाऱ्या आसाने) मला अडवून धरले आहे. तवंदी घाट उतरताना ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढते. डाव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूने टायरवर तेल ओघळलेले दिसते, आणि रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडला की त्याच चाकातून 'टक्' असा आवाज येतो.

उजव्या बाजूचा हब (चाक ज्यावर बसते तो मधला भाग) आणि शाफ्ट (त्याला फिरवणारा दांडा) आम्ही कष्टाने बाहेर काढला. डाव्या बाजूचा हब मात्र हलायला तयार नाही. मेस्त्री गॅसने तापवून हातोड्याने ठोकायचे म्हणाले. मी त्यांना थांबवले आहे. दरम्यान, उजव्या शाफ्टची लांबी कळवून मोठ्या शहरातल्या एका दुकानातून डाव्या बाजूसाठी नवा शाफ्ट मागवला. 'जीपचाच आहे, डोळे झाकून बसवा' असे सांगून त्यांनी जो पाठवला, त्याच्या स्प्लाइन (टोकावरच्या खाचा) १० निघाल्या आणि आमच्या शाफ्टला आहेत १९. पैसे परत मिळाले नाहीत. आता शाफ्ट, हब, ड्रम (ब्रेकचे गोल भांडे) आणि व्हील सिलिंडर (तेलाच्या दाबाने ब्रेक लावणारे नळकांडे) हे सगळे कुठून घ्यावे, आणि यातले काय बेळगाव किंवा कोल्हापुरात करून घेता येईल, याचे जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

खानापूरहून, उत्तर

हातोडा थांबवलात हे फार चांगले केलेत. आपल्या जीपला मागे डाना ४४ जातीचा अ‍ॅक्सल आहे. त्यात हब आणि शाफ्ट हे दोन वेगळे भाग असतात. शाफ्टचे बाहेरचे टोक निमुळते असते, त्यावर हब घट्ट रुतून बसतो, मधल्या खाचेत एक चौकोनी चावी असते आणि वरून मोठा नट आवळलेला असतो. खरा जोर निमुळत्या भागाच्या पकडीवर जातो आणि चावी फक्त सोबतीला असते. नट एकदा सैल राहिला की सगळा भार चावीवर येतो, ती खाचेत हलू लागते आणि दिशा बदलताना 'टक्' वाजते. आपला आवाज बहुतेक हाच असावा.

ही गोष्ट हलक्यात घेऊ नये, याचे एक कारण पुष्कळांच्या लक्षात येत नाही. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना शक्ती वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, प्रॉपेलर शाफ्टवर (तिथून मागे जाणाऱ्या दांड्यावर) असतो. चावी तुटली किंवा शाफ्ट मोडला तर ते चाक मोकळे होते, डिफरन्शिअलमधून (दोन्ही चाकांना शक्ती वाटणाऱ्या गिअरमधून) दुसरे चाकही मोकळे फिरू लागते, म्हणजे गाडीची ओढ आणि हँडब्रेक दोन्ही एकाच क्षणी जातात. जांबोटीच्या पुढे, कणकुंबीच्या उतारावर पावसात माझी गाडी अशीच मागे घसरू लागली होती. चाकाखाली दगड लावायला शेजारी माणूस होता, म्हणून निभावले. काम पूर्ण होईपर्यंत उतारावर गाडी उभी करू नये आणि लाकडी ठोकळे कायम सोबत ठेवावेत.

हब काढण्यासाठी चाकाच्या पाचही बोल्टवर आवळता येणारा जाड पुलर (हब ओढून काढायचे अवजार) लागतो. नट पूर्ण काढू नका. दोन-तीन आटे सैल करून तसाच राहू द्या, कारण हब सुटतो तो बंदुकीच्या गोळीसारखा. पुलर ताणून ठेवायचा, मधल्या बोल्टच्या डोक्यावर एक नेमका ठोका द्यायचा आणि रात्रभर तसाच सोडायचा. शाफ्टच्या टोकावर थेट घाव घातला तर तो धक्का आतल्या थ्रस्ट ब्लॉकला (दोन शाफ्टांमधल्या ठोकळ्याला) आणि बेअरिंगला पोचतो. गॅसच्या ज्योतीने तर शाफ्टचे पाणी उतरते, म्हणजे कडकपणाच जातो.

शाफ्टबद्दल आपली आणखी एक चूक झाली आहे, ती स्पष्टच सांगतो. उजव्या बाजूच्या लांबीवर डावा शाफ्ट मागवता येत नाही. या गाडीचा डिफरन्शिअल मधोमध नसून उजवीकडे सरकलेला असतो, त्यामुळे उजवा शाफ्ट आखूड आणि डावा लांब असतो. जुन्या डाना ४४ मध्ये १० स्प्लाइन होत्या, नंतरच्यांत १९ आल्या. 'जीपचा' एवढ्यावर कुठलाही भाग मागवू नये. लांबी, स्प्लाइन, बेअरिंगच्या जागेचा व्यास आणि चावीच्या खाचेची रुंदी व्हर्नियरने मोजून, कागदावर आकृती काढून ती दुकानदाराला पाठवावी. क्राउन-पिनियनचेही (डिफरन्शिअलमधल्या दातेरी जोडीचेही) तसेच आहे. आपल्याकडे ४३ आणि ८ दात, म्हणजे ५.३८ चे गुणोत्तर असण्याचा संभव जास्त आहे, पण झाकण उघडून दात मोजल्याशिवाय काही ठरवू नका, आणि जोडीतला एकच भाग कधीही घेऊ नका.

उद्यमबाग, बेळगावहून, उत्तर

मी मशीन शॉपमध्ये काम करतो. काय करून घ्यावे आणि काय घेऊ नये, त्याबद्दल माझे मत देतो. ड्रम आपल्याकडे उत्तम होऊ शकतो. बेळगाव आणि कोल्हापूर ही ओतकामाची गावे आहेत आणि ग्रे आयर्नचे कास्टिंग हा इथला रोजचा धंदा आहे. मात्र एका ड्रमसाठी कोणी पॅटर्न (ओतकामासाठीचा नमुना) करत नाही, म्हणून तुमच्यासारखे चार-सहा जीपवाले एकत्र येऊन ऑर्डर दिलीत तर बरे पडेल. ड्रमचा आतला व्यास ९ इंच आणि लायनरची (ड्रमला घासणाऱ्या ब्रेकच्या पट्टीची) रुंदी पावणेदोन इंच धरा. शेवटचे टर्निंग ड्रम हबवर बसवूनच करून घ्या, नाहीतर ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली थरथरते. जुना ड्रम टर्न करून चालणार असेल तर तोच ठेवा, पण मूळ व्यासापेक्षा सुमारे दीड मिलिमीटरने मोठा झालेला ड्रम मी स्वतः वापरणार नाही.

शाफ्ट मात्र कुठल्याही लेथवर, मिळेल त्या सळईतून करून घेऊ नका. निमुळता भाग झिजला म्हणून त्यावर वेल्डिंग भरून पुन्हा टर्न करून देणारे लोक भेटतील, पण तिथेच तो पुढे मोडतो. मूळ मापाचा, चांगल्या अवस्थेतला जुना शाफ्ट मिळाला तर तो आधी डाय पेनेट्रंटने तपासून घ्या. लाल रंग लावून पुसतात, वर पांढरी पूड मारतात, आणि भेग असेल तर चावीच्या खाचेच्या कोपऱ्यातून केसासारखी लाल रेघ उमटते. मग निमुळत्या भागावर मार्किंग ब्लूचा पातळ हात फिरवून हब त्यावर बसवून पाहा. आत निळा रंग सगळीकडे सारखा लागला पाहिजे. फक्त एका टोकाला लागला तर हब निकामी समजा, नवा नट कितीही आवळला तरी तो पकड धरणार नाही.

एक अनुभवाची गोष्ट. अमेरिकेत १९२८ ते १९४८ च्या फोर्ड गाड्यांवर पारंपरिक हॉट रॉड (जुन्या गाडीत बदल करून वेगवान केलेली गाडी) बांधणाऱ्यांनाही मागे असाच निमुळता शाफ्ट आणि चावीचा हब सांभाळावा लागतो. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक १९३९ मध्ये दिले, आणि त्याआधीच्या गाड्यांवर ते लोक हेच नंतरचे ब्रेक चढवतात. तिकडे मागणी टिकून असल्यामुळे हे भाग नव्याने तयार होतात, आणि म्हणून आपल्यातले काही जण तिकडून ड्रम मागवायचा विचार करतात. त्या ड्रमचे पाच बोल्ट साडेपाच इंचांच्या वर्तुळावर असतात आणि जीपचेही तसेच असतात, त्यामुळे मोह होतो. पण १९३९ नंतरच्या त्या फोर्डचा ड्रम १२ इंचांचा आहे. बोल्ट जुळले तरी ब्रेक जुळत नाही.

प्रश्नकर्ता, दहा दिवसांनी

सर्वांचे मनापासून आभार. पुलर लावून संध्याकाळी ताणून ठेवला होता. पहाटे चारच्या सुमारास मोठा आवाज झाला आणि अख्खे घर जागे झाले. हब नटावर येऊन थांबला होता. चावीची एक कड दाबून पायरीसारखी झालेली आहे आणि हबमधली खाच रुंदावली आहे. शाफ्ट उद्यमबागेत तपासून घेतला, त्यावर भेग नाही. आता फक्त हब आणि चावी हवी आहे. ड्रमच्या आत साचलेल्या तेलाला गंधकासारखा उग्र वास येतो. हे बेअरिंगचे ग्रीस वितळून आले असेल का?

चिकोडीहून, उत्तर

गंधकासारखा वास असेल तर ते डिफरन्शिअलचे गिअर तेलच आहे, ग्रीस नव्हे. सील (तेल अडवणारी कडी) बदलण्याआधी अ‍ॅक्सलच्या नळीवरचा ब्रीदर (हवा बाहेर सोडणारे छोटे तोंड) काढून पाहा. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की त्यात माती आणि कुंभारमाशीचे घर साचते. मग गरम झालेली हवा बाहेर पडायला जागा उरत नाही आणि ती तेलाला सीलमधून ढकलते. ब्रीदर बंद असेल तर नवे सीलही महिनाभरात गळू लागेल. तेल प्यालेले लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा लावू नका. दोन्ही बाजूंचे लायनर एकदम बदला, नाहीतर गाडी ओढतच राहील. जुन्या लायनरची धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा, कारण त्या काळच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे.

व्हील सिलिंडर जुने मिळाले तरी घेऊ नका, नवेच घ्या. या गाडीला एकच ब्रेक लाइन आहे, एक सिलिंडर गळला की चारही चाकांचा ब्रेक जातो. पुढच्या आणि मागच्या सिलिंडरचा व्यास वेगळा असतो, पुढे १ इंच आणि मागे पाऊण इंच, आणि दुकानात ते एकाच खोक्यात मिसळलेले असतात, म्हणून तिथेच मोजून घ्या. मागे मोठा सिलिंडर बसला तर ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी लॉक होतात. ब्रेक ऑइल डॉट ३ घ्या.

खानापूरहून, पुन्हा

चावी आणि हब दोन्ही नवे घ्या. जुन्या रुंदावलेल्या खाचेत नवी चावी टाकून उपयोग नाही. माझ्याकडे एक हब शिल्लक आहे, त्याची आकृती मापांसह आजच टाकतो; आपल्या शाफ्टवर मार्किंग ब्लूची खूण सारखी उमटली तरच न्या. बसवताना निमुळता भाग कोरडा आणि स्वच्छ हवा. नट सुमारे २०० न्यूटन-मीटरपर्यंत आवळा, आणि कॉटर पिनचे (नट फिरू न देणाऱ्या खिळीचे) भोक जुळले नाही तर नट सैल न करता आणखी थोडा पुढे घ्या. निपाणी ते संकेश्वर एक फेरी मारून आल्यावर पिन काढून नट पुन्हा तपासा.