मदत हवी आहे: लिनक्सवरच्या जुन्या बातम्यांची कात्रणं

मंडळी, लिनक्स या खुल्या कोडच्या संगणक प्रणालीबद्दल छापील माध्यमं काय लिहीत आली, यावर एक लेख करतोय आणि एका जागी अडकलोय.

१९९८ ते २००१ हा काळ भलताच मजेशीर आहे. ऑगस्ट १९९८ मध्ये लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स थेट 'फोर्ब्स'च्या मुखपृष्ठावर झळकला. वर्षभरात लिनक्स विकणाऱ्या रेड हॅट कंपनीचा शेअर बाजारात आला आणि पहिल्याच दिवशी भाव तिपटीच्या वर गेला. मग २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी 'शिकागो सन-टाइम्स'च्या मुलाखतीत लिनक्सला कॅन्सर म्हटलं. त्यांचा रोख होता लिनक्स ज्याखाली वाटलं जातं त्या जीपीएल परवान्यावर, म्हणजे तो कोड वापरला की तुमचाही कोड खुला करावा लागतो यावर. (हेही अर्धसत्यच, कारण ती अट बदललेला किंवा त्यावर बेतलेला कोड वाटायला काढलात तरच लागू होते.) पण मथळ्यांत उरला तो फक्त कॅन्सर! परवाना गेला उडत.

मला हवंय ते असं: मूळ छापील पानांचे स्कॅन कुठे पाहायला मिळतील? आज वेबवर सापडतात ती बहुतेक नंतरची उद्धृतं, एकमेकांवरून उचललेली. दुसरं, कंपनीचं प्रसिद्धीपत्रक जसंच्या तसं छापलंय की बातमीदाराने स्वतः खणलंय, हे तुम्ही कशावरून ओळखता? त्या काळात पत्रकारिता केलेलं कुणी इथे असेल तर फारच बरं. 'यंदा डेस्कटॉपवर लिनक्सच' छापाची भाकितं मात्र नकोत, ती पोत्याने पडलीत माझ्याकडे.