आत्याच्या नगरसेविका असतानाच्या आठवणी रेकॉर्ड करायच्यात, काय काय विचारू?

मेघना_के: नमस्कार मंडळी. माझी आत्या आमच्या नगरपालिकेत दोन टर्म नगरसेविका होती, ७४ व्या घटनादुरुस्तीने बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या तेव्हा पहिल्यांदा उभी राहिली, आणि पुढच्या वेळी वॉर्ड ओपन होता तरी निवडून आली. आता वय झालंय पण डोकं एकदम लख्ख. फक्त मोबाईल समोर ठेवला की म्हणते, "मी काय केलं गं, सगळं पक्षानं नि ह्यांनी केलं." राजकारणातला अनुभव कसा होता विचारलं तर दोन वाक्यात विषय संपवते. हे सगळं तिच्याबरोबर जायला नको असं मनापासून वाटतं. कसं बोलतं करू?

जुना_कार्यकर्ता: अनुभव कसा होता विचारलंत की भाषणच मिळणार. एक काम धरा, नळ, गटार, रेशन काहीही, आणि पहिल्या अर्जापासून शेवटपर्यंत विचारत जा. मृणालताई गोरे बघा, १९६१ ला मुंबई महापालिकेत गेल्या, पुढे आमदार झाल्या, १९७७ ला खासदार, पण लोकांच्या तोंडी राहिलं ते 'पाणीवाली बाई'. नवरा १९५८ मध्येच गेलेला, मुलगी लहान, आणि ही बाई गोरेगावात पाण्यासाठी हंडे घेतलेल्या बायकांना घेऊन मोर्चे काढतेय! अहिल्याताई रांगणेकरांबरोबर महागाईविरोधात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या तेही तसंच, घरातलाच प्रश्न. तुमच्या आत्याकडेही असं एखादं काम नक्की असणार, पण त्यांना ते राजकारण वाटतच नसेल.

सुनीता_ताई: मी पंचायत समितीवर होते म्हणून सांगते. "ह्यांनी केलं" म्हणाल्या तर खोडून काढू नकोस बाळा, आमच्या पिढीला तसंच बोलायची सवय आहे. बारीक बारीक विचार. सभागृहात कुठे बसायचीस, पहिल्यांदा उठून बोललीस तेव्हा विषय काय होता, ठरावाला सूचक कोण आणि अनुमोदक कोण. मला आठवतं, सहीचा कागद साहेब लोक मिस्टरांच्या पुढे सरकवायचे आणि ते माझ्याकडे ढकलायचे, मग एक दिवस मीच म्हटलं की आधी वाचायला द्या, सही उद्या. त्या दिवसापासून कागद सरळ माझ्याकडे यायला लागले. असलं काही आपणहून कोणी सांगत नाही, विचारावं लागतं. सभा लांबली तर घरी स्वयंपाक कोण करायचं हे पण विचार, आणि प्रचाराला पैसा कुठून आला तेही, लाजू नकोस.

रोहित_एम: सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं नगरपालिकेत असतात, माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. तारीख आणि विषय वाचून दाखवला की माणसाला आपोआप आठवतं.

मेघना_के: सगळ्यांचे खूप आभार! काल नुसतं विचारलं की तुमच्या गल्लीत नळ कधी आला, तर अर्धा तास थांबलीच नाही. पाइपलाइन मंजूर होती पण खोदाई दुसऱ्याच वॉर्डात सुरू झालेली, तर ही बायका घेऊन मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनबाहेर जाऊन बसली, आणि हे घरात आजवर कोणालाच माहीत नव्हतं!! इतिवृत्तासाठी अर्ज आजच टाकतेय. तिच्याबरोबर निवडून आलेल्या एक काकू आहेत, दोघींना एकत्र बसवलं तर चालेल ना?

सुनीता_ताई: बसव की. फक्त आधी दोघींशी वेगवेगळं बोलून घे, नाहीतर जी जास्त बोलते तिचंच रेकॉर्ड होईल.